दहा प्रश्न आणि एक लपलेला धागा



दिवसाची कामं उरकली असतील, जेवणं झाली असतील, तर बसा जरा ओट्यावर. या आठवड्याचे दहा प्रश्न घेऊन आलो आहे. नियम नेहमीचेच. घरातल्या एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. वाचणाऱ्यानं खालची उत्तरं आधी बघायची नाहीत, आणि चुकून दिसलीच तर चेहऱ्यावर दाखवायची नाहीत. एका बरोबर उत्तराला एक गुण. गुण मांडायचं काम घरातल्या सर्वांत लहान पोराकडे द्या. त्याला हिशेब येतो आणि तो कोणाला सोडतही नाही.

या वेळी एक जादा गंमत आहे. प्रश्न वाचताना वाटेल की यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक पाखराचा, एक सापाचा, एक विहिरीचा, तर एक छापखान्याचा. पण माळेतल्या मण्यांतून दोरा जावा तसा या दहा प्रश्नांतून एक धागा गेलेला आहे. धागा साहित्यातला आहे. म्हणजे या सगळ्यांच्या मागे कोणा एकाचं नाव दडलेलं आहे. ते नाव ज्याला सापडेल त्याला पाच गुण जादा. दहावा प्रश्न ऐकण्याआधीच सापडलं, तर दहा गुण जादा.

काही प्रश्न शाळेत जाणाऱ्या पोरांना सोपे जातील, तर काही फक्त आजी-आजोबांना येतील. तेव्हा दोघांनाही जवळ बसवा. आजीला ऐकू कमी येत असेल तर तिच्या कानाशी वाचा, पण तिला वगळू नका. का, ते शेवटी कळेल.

प्रश्न

१. बाभळीच्या फांदीला, विहिरीवर लोंबणारा सुगरणीचा खोपा सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो विणतो कोण? नर की मादी?

२. खानदेशातली म्हातारी बाई 'घरोट' म्हणाली तर तिला घरातली कोणती वस्तू म्हणायची असते?

३. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं. हे चारही शब्द एकाच कामातले आहेत. ते काम कोणतं?

४. वडाला लालभडक फळं येतात. मग वडाची फुलं कधी कोणी पाहिली आहेत का? ती कुठे असतात?

५. खळ्यात उपणताना दाणा पायाशी पडतो आणि भूस लांब उडून जातं. वारा तर दोघांना सारखाच लागतो. मग असं का होतं?

६. कापसाचा धागा म्हणजे झाडाचा नेमका कोणता भाग? आणि जगातलं पहिलं संकरित कापसाचं वाण शेतकऱ्यांच्या हाती कोणत्या देशात आलं?

७. नागपंचमीला नागाला दूध दाखवतात. नाग खरंच दूध पितो का? आणि पुंगी ऐकून डोलतो का?

८. केळ हे झाड आहे का? आणि महाराष्ट्रातल्या कोणत्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं?

९. भारतातला पहिला छापखाना कोणत्या साली आणि कुठे सुरू झाला?

१०. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी सुरू झालं. २०१८ साली त्याला एका कवयित्रीचं नाव दिलं. ते कोणाचं?

झाले दहा. आता वाचणं थांबवा. ज्याची त्याची उत्तरं पक्की होऊ द्या. चहा ठेवायचा असेल तर ठेवा. धाग्याचाही विचार करा. झाला? मग चला पुढे.

उत्तरं

१. खोपा नर विणतो. आपण नाव ठेवलं 'सुगरण', आणि कौतुक केलं मादीचं! पावसाळ्याच्या तोंडाशी नराच्या डोक्यावर पिवळा रंग चढतो आणि तो कामाला लागतो. लांब गवताच्या, शिंदीच्या पानांच्या बारीक पट्ट्या चोचीनं सोलून आणतो आणि गाठी मारून विणतो. अर्धं काम झालं की खोपा उलट्या टोपीसारखा दिसतो. तेव्हा मादी येऊन पाहणी करते. आत शिरते, ओढून बघते. पसंत पडला तर नर खालची नळी विणून काम पुरं करतो. नापसंत झाला तर तो अर्धा खोपा तसाच लोंबत राहतो. अर्धवट टोप्या झाडाला दिसतात त्या अशा नाकारलेल्या घरांच्या. अंडी उबवण्याचं काम मात्र एकट्या मादीचं. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम गावी या पाखरांचा संसार तासन् तास बसून पाहिला आणि ही हकिगत जगापुढे मांडली.

२. घरोट म्हणजे जातं. दोन दगड, वरचा फिरतो आणि खालचा बसून राहतो. वरच्या दगडाच्या भोकातून दाणे वैरले की ते दोन दगडांमध्ये भरडले जात कडेकडे सरकतात आणि पीठ होऊन बाहेर पडतात. दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता घसरतो, म्हणून जात्याला अधूनमधून टाकी लावावी लागते. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात ही म्हण आजही चालते, पण जातं आता बहुतेक घरांत हळदीच्या समारंभापुरतं उरलं. पहाटे दळताना बायका ओव्या गात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर हजाराहून जास्त गावांत फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! आणि त्यांतली एकही ओवी आधी कागदावर लिहून मग गायलेली नव्हती.

३. मोटेनं पाणी काढण्याचं काम. हा गुण आजोबांचा. कातड्याच्या मोटेला वरचा जाड दोर लागतो तो नाडा. मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. बैल ज्या उतारावरून खाली चालत जातात ती धाव, आणि मोट जिथे रिकामी होते ते थारोळं. यातली युक्ती पोरांनी लक्षात घ्यावी. भरलेली मोट वर येते तेव्हा बैल उतारावरून खाली जात असतात, म्हणजे त्यांच्या ताकदीला त्यांच्याच वजनाची जोड मिळते. रिकामी मोट खाली जाताना ते मागे सरकत चढ चढतात, तेव्हा ओझं नसतं. इंजिन आणि विजेचा पंप आले आणि मोट गेली. तिच्याबरोबर हे शब्दही निघाले आहेत. आजोबांना विचारून आणखी चार लिहून ठेवा.

४. वडाची फुलं त्या लाल फळाच्या आतच असतात. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर एक बंद पिशवी आहे आणि आतल्या बाजूनं शेकडो बारीक फुलं दाटीनं लागलेली असतात. वरच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक असतं. चिलटाहून लहान असा गांधीलमाशीच्या कुळातला एक कीटक त्यातून आत शिरतो, तिथेच अंडी घालतो, आणि येताना दुसऱ्या झाडाचे परागकण आणतो. वडाचा कीटक वेगळा, पिंपळाचा वेगळा, उंबराचा वेगळा. तो कीटक नाहीसा झाला तर झाडाला बी धरणार नाही, आणि झाड नाहीसं झालं तर कीटकाला घर उरणार नाही. फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो ना, त्याचं मूळ हेच. फूल असतं, पण बाहेरून दिसत नाही.

५. वारा सारखाच लागतो, पण दोघांची वजनं सारखी नसतात. दाणा लहान, गोल आणि जड. त्याला वारा धरायला जागा कमी मिळते, म्हणून तो जवळजवळ सरळ खाली येतो. भूस हलकं, चपटं आणि पसरट. ते हवेत तरंगत हळू खाली येतं, आणि तेवढ्या वेळात वारा त्याला दूर नेतो. यातली आणखी एक गोष्ट कामाची आहे. दाण्यांतही जो सर्वांत भरलेला तो सर्वांत जवळ पडतो आणि पोचट दाणा जरा पुढे जातो. पायाजवळच्या राशीतलं बी वेगळं काढून ठेवणारे जुने लोक याच हिशेबानं चालत. भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करतात तीही याच जातीची: दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगेल ते पोचट, तळाला बसेल ते बी. नंतर ते बी दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायला विसरू नका.

६. कापसाचा धागा म्हणजे सरकीच्या अंगावरचे केस. आपल्याला ज्याची वात वळता येते, सूत काढता येतं, तो प्रत्येक तंतू म्हणजे लांबच लांब वाढलेली एकच पेशी असते. झाडानं ते केस सरकीसाठी वाढवले, आपण त्याचं धोतर-लुगडं केलं. आणि पहिलं संकरित वाण कोणत्या देशात? अमेरिका म्हणणाऱ्यांचा गुण गेला. उत्तर आहे भारत. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केलेलं 'संकर-४' हे वाण १९७० साली शेतकऱ्यांना मिळालं. व्यापारी प्रमाणावर लावलेलं ते जगातलं पहिलं संकरित कापसाचं वाण. त्याचं बी तयार करायला प्रत्येक फुलातले पुंकेसर संध्याकाळी हातानं काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण हातानं लावायचे. हे बारीक काम बहुतेक बायकांनीच केलं.

७. दोन्हीचं उत्तर नाही. साप मांस खाणारा प्राणी. उंदीर, बेडूक, सरडे हे त्याचं अन्न. दूध हा त्याचा आहार नव्हे. उपाशी-तहानलेल्या सापापुढे दूध ठेवलं तर तो तहानेपोटी तोंड लावतो, आणि त्यानं त्याला अपायच होतो. सापाला बाहेरचे कान नसतात, कानाचा पडदाही नसतो. जमिनीची थरथर त्याला चांगली कळते, आणि हवेतून येणारे काही खालच्या पट्टीचे आवाजही जाणवतात असं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे. पण पुंगीपुढे तो डोलतो तो सुरासाठी नाही. समोर हलणारी वस्तू त्याला धोका वाटते, म्हणून तो तिच्यावर नजर ठेवतो. उंदीर खाऊन तो आपलं धान्य वाचवतो, तेव्हा पूजा जरूर करा, पण दुरून. आणि कोणाला साप चावलाच तर जखम कापू नका, तोंडानं विष ओढू नका, घट्ट आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्या. १०८ नंबरला फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर चालणारी लस असते. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

८. केळ हे झाड नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते एक भलं मोठं गवतासारखं मऊ रोप आहे. आपण ज्याला खोड म्हणतो तो पानांच्या देठांचा एकावर एक गुंडाळलेला थर असतो, त्यात लाकूड नसतं. खरं खोड जमिनीखाली, म्हणजे गड्डा. एकदा घड आला की ते रोप संपतं आणि बाजूची पिलं पुढचा वंश चालवतात. २०१६ साली मानांकन मिळालं ते जळगावच्या केळीला. त्याच साली जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मिळालं. खानदेशी पाहुणे आले असतील तर हा गुण त्यांना देऊन टाका.

९. १५५६ साली, गोव्यात. जेझुइट पाद्र्यांनी पोर्तुगालहून आणलेला हा छापखाना खरं तर ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला जायचा होता, पण तो गोव्यातच राहिला. पुढे १६१६ साली गोव्यातल्या राचोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. भाषा मराठी, पण लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा तिथे नव्हते. विल्यम कॅरे यांचं मराठीचं व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं ते १८०५ साली, आणि बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' मुंबईत निघालं ते ६ जानेवारी १८३२ रोजी. बोललेला शब्द कागदावर उमटायला आपल्याकडे एवढी वाट पाहावी लागली.

१०. बहिणाबाई चौधरी. आता विद्यापीठाचं पुरं नाव 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असं आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली मुलं तिथून पदव्या घेतात.

धागा

आता धागाही हाती आला असेल. या दहाही प्रश्नांच्या मागे बहिणाबाईच उभ्या आहेत.

मोजून बघा. सुगरणीच्या खोप्यावर त्यांचं गाणं आहे. घरोटावर आहे, मोटेवर आहे. वडाच्या हिरव्या पानांत लाल फळं पाहून त्यांना तिथे पोपटच दिसले. पेरणी, कापणी, रगडणी आणि उपणणी, शेताच्या एकेका कामावर त्यांनी वेगळं गाणं रचलं. कपाशीचं बोंड त्यांच्या गाण्यात येतं, आणि जळगावचा छापखाना पाहून कोऱ्या कागदावर अक्षरं उमटतात त्याचंही त्यांनी गाणं केलं. हे झाले सात प्रश्न. राहिले तीन. नाग का? तर त्यांचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी झाला. केळी का? तर त्यांचं माहेर जळगावजवळचं असोदे आणि सासर जळगाव. आणि विद्यापीठाचं तर नावच त्यांचं.

आता गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका.

बहिणाबाई असोद्याच्या महाजनांच्या घरातल्या लेक. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं. तरुणपणीच वैधव्य आलं. पदरी मुलं, अंगावर शेताचं आणि घराचं काम. शाळा त्यांनी कधी पाहिली नाही. लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं. पण दळताना, निंदताना, चुलीपुढे बसल्या असताना त्या गाणी रचून म्हणत. भाषा घरातली, खानदेशातली लेवा गणबोली. विषय हाताशी असलेले. जातं, मोट, बैल, पाऊस, आखाजीचा सण, सासुरवास, माणसाचं मन. पुस्तकातून आलेलं त्यात काही नव्हतं, कारण पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

त्यांचे चिरंजीव सोपानदेव चौधरी स्वतः कवी होते. सोपानदेवांनी आणि त्यांचे भाऊबंद पितांबर चौधरी यांनी आईच्या तोंडची गाणी वेळोवेळी वहीत उतरवून घेतली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. तोपर्यंत घरच्यांपलीकडे त्या फारशा कोणाला माहीत नव्हत्या. त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे वाचून थक्क झाले. हे छापलंच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला, स्वतः प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. १९६१ साली 'मानिनी' चित्रपटात त्यांची गाणी आली आणि मग ती घरोघर पोचली. आज शाळेच्या पुस्तकात त्यांची कविता असते. पोरं ती पाठ करतात, आणि परीक्षेत तिच्यावर गुण मिळवतात.

आता उलटा विचार करा. सोपानदेव कवी नसते तर? आईच्या गाण्यात काही आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नसतं तर? ती वही पावसाळ्यात भिजली असती, किंवा कोणी चुलीत घातली असती तर? १९५१ च्या डिसेंबरात जळगावची एक म्हातारी गेली एवढीच बातमी झाली असती. मराठीला आपण काय गमावलं हेसुद्धा कळलं नसतं. आजसुद्धा आपल्या हाती आहेत ती फक्त वहीत उतरलेली गाणी. जी कोणी लिहून घेतली नाहीत ती त्यांच्याबरोबरच गेली.

मला सांगायचं आहे ते एवढंच. बहिणाबाईंसारखी प्रतिभा गावोगाव असते असं मी म्हणत नाही. ती दुर्मिळच. पण दुसऱ्या उत्तरातल्या त्या लाखभर ओव्या आठवा. त्या रचणाऱ्या बायका आपल्याच गावच्या होत्या. कोणी लेकराला निजवताना रचली, कोणी भावाची वाट पाहताना, कोणी सासूला तोंडावर बोलता येत नाही म्हणून जात्याला सांगितली. आपल्या घरच्या आजीच्या तोंडीही अशा पाच-पंचवीस ओव्या असतील. उखाणे असतील, कोडी असतील, रोग-राईवरची म्हण असेल, पावसाचा ठोकताळा असेल. तिला कोणी विचारत नाही म्हणून ती सांगत नाही. आणि तिला वाटतं, आपल्याला लिहिता येत नाही, आपल्याजवळ कोणाला द्यावं असं काय असणार? बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ उभं आहे, ते या प्रश्नाचं उत्तर आहे.

या आठवड्याचं घरकाम

एक वही घ्या. जुनी, अर्धी लिहिलेली चालेल. पोरांनी रोज संध्याकाळी आजीजवळ, नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या काकूजवळ बसायचं आणि तिला एकच ओवी किंवा एकच उखाणा विचारायचा. ती आठवत नाही म्हणेल. तेव्हा सूप हातात द्या, किंवा अडगळीतलं जातं पुसून पुढे ठेवा. हात फिरायला लागले की शब्द आपोआप येतात.

लिहिताना तीन गोष्टी पाळा. पहिली, ती जशी बोलते तसंच लिहा. तिनं 'मायबाई' म्हटलं तर तुम्ही 'आई' करू नका, तिची बोली शाळेच्या भाषेत सुधारू नका. बहिणाबाईंची बोली कोणी सुधारली असती तर ती गाणी तिथेच मेली असती. दुसरी, खाली तिचं नाव, तिचं माहेर, आणि ती ओवी कोणाकडून शिकली ते लिहा. तारीख घाला. तिसरी, घरात मोबाइल असेल तर तिचा आवाजही धरून ठेवा. पण वही सोडू नका. मोबाइल बिघडतो, हरवतो, विकला जातो. वही पत्र्याच्या पेटीत राहते.

आता गुण मोजा. ज्याला आठच्या वर मिळाले त्याला उद्या सकाळी एक शेंगदाण्याचा लाडू जास्त. ज्याला चारच्या खाली मिळाले त्यानं आठवडाभर वही सांभाळायची. आणि ज्यानं दहाव्या प्रश्नाच्या आधी धागा ओळखला, त्यानं पुढच्या आठवड्याचे प्रश्न मोठ्यानं वाचायचे.

पुढच्या खेपेला दहा प्रश्न बाजाराचे आहेत. मण, शेर, पायली, खंडी, आणि तराजूत लपलेली आणखी एक गोष्ट. तोवर रामराम.